एक टक्का

रुग्णाचा तळहात, बोटांसकट,
म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का.
आपला नाही. त्याचाच.
पहिल्याच आठवड्यात हे शिकले मी,
आणि तेव्हापासून रस्त्यात कुणी हात हलवला
तरी मनात म्हणते : एक.

जळगावचा मे. बाहेर पंचेचाळीस.
वॉर्डातला कूलर गरम हवाच फेकतो.
खाटांवर लोखंडी कमानी,
चादर अंगाला लागू नये म्हणून.
केळीची पानं मंगळवारी येतात, चोपड्याकडच्या एका मळ्यातून,
सुतळीनं बांधलेली, देठांतून चीक गळत.
बोरोले सिस्टर ती धुतात, मधली शीर काढतात,
कापडावर खळीनं डकवतात,
ऑटोक्लेव्हमध्ये घालतात.
झाकण उघडलं की वॉर्डभर पंगतीचा वास,
आणि तीन दिवस न जेवलेला एखादा
डोळे न उघडताच विचारतो,
कुणाचं लग्न?

माझा प्रबंध असा :
एका गटाला पान, दुसऱ्याला व्हॅसलीनची जाळी.
ड्रेसिंग काढताना किती दुखलं, शून्य ते दहा.
कोणाला काय, ते मी ठरवायचं नाही.
त्यासाठी खाकी लिफाफे आहेत, तोंडं चिकटवलेले,
गाइड सरांच्या कपाटात.

ठगूबाई कोळी, वय बेचाळीस.
चुलीत पऱ्हाटी सारताना वारा फिरला.
'कारण' या रकान्यात मी एवढंच लिहिलं,
तिनं एवढंच सांगितलं.
नवरा दारात रडत उभा होता,
त्याला रकाना नाही.
डावा हात, कूस, पाठीचा थोडा भाग.
चौदा तळहात.

लिफाफा सत्तावीस : जाळी.

शेजारच्या खाटेवर पान बांधत होतो
तेव्हा तिनं मान वळवली.
बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली,
हाई पान मन्हा हातनं कापेल शे.
मला वाटलं, ग्लानीत बोलतेय.
पण तिनं सांगितलं, विळा किती तिरपा धरायचा
म्हणजे पान उभं फाटत नाही,
कोणत्या ओळीतलं कोवळं असतं,
चिकाचे डाग कशानं जात नाहीत.
माले काबरं चिंधी?

मी समजावलं. गट. तुलना.
उद्या येणाऱ्यांना त्याचा उपयोग.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
डाक्तर, तुनी चिठ्ठी आंधयी शे का?
हो, म्हटलं, आंधळीच असावी लागते.
हेही सांगितलं की यातून कधीही बाहेर पडता येतं,
उपचार थांबत नाहीत.
आंगठा दिधा ना मी, ती म्हणाली,
आणि भिंतीकडे तोंड केलं.

जाळी निघताना
थोडं काहीतरी बरोबर घेऊन निघते.
मी वाटीतलं सलाइन ओतत राहिले,
सिस्टर 'झालंच, झालंच' म्हणत राहिल्या.
चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरला : हसरा, बरा, रडका.
तिनं पाहिलाही नाही.
आठ फण्या, म्हणाली,
घडावर हात ठेवून सांगावं तसं.
मी लिहिलं : ८.

आकडे चांगले आले.
सर खूश होते. पानाच्या गटाला दुखणं पुष्कळ कमी,
फरक ठळक, कोणीही मान्य करावा असा.
फरक म्हणजे काय, तर एक बाजू वर राहावी लागते.
त्या बाजूला तिचे आठ आहेत.
प्रबंधात तिचं नाव नाही, असायचं नसतंच.
ऋणनिर्देशात मात्र कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्यापर्यंत
सगळे आहेत.

ऑगस्टात एका मंगळवारी पानं आली.
सुतळीची गाठ विचित्र होती,
एका हातानं मारलेली, दुसरं टोक दातानं ओढलेलं,
त्यावर दातांच्या खुणा.
सोडत काय बसताय मॅडम, सिस्टर म्हणाल्या,
कात्री घ्या.

मी सोडत बसले.