शिंप्याची टेप

धुळ्यात मे महिना. एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि आयसीयूत आम्ही आडव्या माणसांची उंची मोजतो.

पहिल्या दिवशी काचेपलीकडून एक म्हातारी ओरडलीच :
मराना आधीच माप ली ऱ्हायनात का?
तिचं काय चुकलं.
आमच्याकडे निजलेल्याचं माप
एकाच कामासाठी घेतात, आणि बांबू तेवढाच तोडतात.

मी म्हटलं, आजी, हे फुप्फुसासाठी.
फुप्फुस उंचीवर जातं, वजनावर नाही.
ती माझ्याकडे बघत राहिली
जसं मी बघितलं होतं वळवी मॅडमकडे
त्या राउंडला हेच पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा.

तोवर आमचा आकडा एकच : पाचशे.
तालमीतला गडी असो, तोरणमाळची काटकुळी पोर असो,
नळी पडली की व्हेंटिलेटरवर पाचशे.
बोरसे सरांचा आकडा. सव्वीस वर्षांचा.
कुणी ठरवला, कधी ठरवला,
देव्हाऱ्यातल्या टाकांसारखा तो होताच तिथे.

मॅडमनी झेरॉक्स आणली. मी आधी तारीख पाहिली.
हे छापून आलं तेव्हा मी नववीत होते, अमळनेरला,
बोरी नदीला पाणी होतं.
इतकी वर्षं हा कागद कुठे होता?
अमळनेर ते धुळे एसटीने तास लागतो.

सर म्हणाले, गॅस बघा, कार्बन डायऑक्साइड चढतोय.
चढू दे सर थोडा, मॅडम म्हणाल्या,
ताणून फाटलेलं फुप्फुस परत शिवता येत नाही.

शिवता, हे ऐकून
सात नंबरच्या नवऱ्याने मान वर केली.
दगडू खैरनार, पारोळा, लेडीज टेलर.
आमची पत्र्याची टेप सिंधूबाईंच्या गादीवर मुडपत होती.
त्यांनी खिशातून स्वतःची काढली, पितळी टोकांची.
इंचांचे आकडे पुसट झालेले,
उलट्या बाजूचे सेंटिमीटर मात्र करकरीत,
जन्मात न वापरलेले.
गुडघा दाबा सिस्टर, नाहीतर दोन बोटं खाईल.
एकशे पन्नास.
पण वजन पंच्याहत्तर तरी असेल, मी पुटपुटले.
ते म्हणाले, बाई जाड होते, खांदा नाही होत.
खांदा मी हाडावर कापतो. पोटाचा हिशोब वेगळा.

बोरसे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मी नॉब फिरवला. दोनशे साठ.
छाती इतकी कमी हलू लागली
की हात ठेवून बघितला मी, दोनदा.

सिंधूबाई गेल्या घरी, बाविसाव्या दिवशी,
व्हीलचेअरमधून सगळ्यांना हात करत.
चार नंबरचा मुलगा, साक्रीचा,
त्यालाही तितकंच नीट मोजलं होतं. तो गेला.
कागद वचन देत नाही.
शंभरात आठनऊ जास्त वाचतात, एवढंच म्हणतो.
कोणते, ते लिहिलेलं नाही.

टेप अजून आहे, सलाइनच्या स्टँडला गुंडाळलेली.
परवा रात्री अडीचला बोरसे सरांनी ती मागितली,
नव्या पेशंटचा गुडघा स्वतः दाबून धरला,
बोलले काही नाहीत.
मग चहा पिता पिता एकदम :
सिस्टर, जुनी रजिस्टरं कुठे असतात?

जिन्याखाली, सर.

मला माहीत आहे त्यांत काय आहे. अक्षर बरंचसं माझंच.
पाचशे, खाली तसंच, त्याखाली तसंच,
पानामागून पान,
दर शंभरात आठनऊ,
आणि उंचीचा रकानाच नाही.