मगदूमकाकूंचा पिंजरा

आधी पावलं दिसली, उंदीर नंतर.
ओट्यावर, शेगडीमागे,
मग माझ्या पांढऱ्या ओढणीवर तिरकी,
बारीक, पिवळी,
उदबत्तीची काडी बुडवून टिंबं द्यावीत तशी.
खाली शहांची हळदीची वखार.
आमच्या डाळीला, उशांना, भिंतींनासुद्धा
तोच वास.

आण्णा म्हणाले, नाव नको घेऊ त्याचं.
चाळीस वर्षं मार्केट यार्डात काटा धरलेला माणूस,
पोतं नुसतं हलवून सांगायचा
किती भरलंय, किती खाल्लंय.
'मामा म्हणायचं.
आणि औषधाचं बोलायचं ते जिन्यात जाऊन.
त्याला कळतं.'

म्हणून आम्ही जिन्यात उभे राहून कुजबुजलो,
मी एक्केचाळीसची, ते अठ्ठ्याहत्तरचे.
पूर्वी आई आणि ते इथंच कुजबुजायचे,
स्थळांबद्दल,
मी घरात असताना.

औषध नको ठरलं. कपाटामागे जाऊन मेला
तर कपाट कोण सरकवणार?
चिकटपट्टी एकदा आणली होती.
त्या रात्रीच्या आवाजाची
आम्ही एकमेकांना आठवण काढू देत नाही.

शेजारच्या त्रिशलाकाकू मगदूमांनी पिंजरा दिला.
'जिवंत सोडायचा. लांब.
आणि कांदाभजी लावायची न्हाई त्यात, पिंजरा माझाय.'
'मग भडंग?'
'त्यात लसूण असतोय की गं.'
दार लावल्यावर आण्णा म्हणाले,
आता मामानंपण पाळायचं.

खोबऱ्याचा तुकडा गॅसवर भाजून लावला.
तीन रात्री खोबरं गेलं, दार उघडंच.
चौथ्या रात्री खट्.
दोघंही जागेच होतो.
कुणीच उठलं नाही.

सकाळी पाहिला.
पोटाखाली पिवळा, मिशांपर्यंत पिवळा,
बोहल्यावर निघाल्यासारखा.
हसू आलं, ते गिळलं,
बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

स्कूटीवर पायांपाशी पिंजरा, वर कालचा पेपर.
सिग्नलला एक पोरगं वाकून बघतंय,
'काकी, पोपट हाय व्हय?'
'मामा आहे,' मी म्हणाले,
आणि हिरवा लागला.

हरिपूरला, वारणा कृष्णेत शिरताना दिसते तिथं,
दार वर ओढलं.
येईना बाहेर.
उरलेलं खोबरं दोन पंजांत धरून
मागच्या कोपऱ्यात बसला,
जणू मीच निघून जावं,
मग त्याला निवांत खाता येईल.
मी नदीकडे तोंड करून थांबले.
एक माणूस म्हशी धुत होता. एक म्हैस निघत नव्हती.
वळले तर पिंजरा रिकामा,
खोबरंही नेलेलं.

परत करायच्या आधी पिंजरा नळाखाली धरला
तर माझ्याच तळहातांवर गजांच्या रेघा उमटलेल्या,
पिवळ्या, साबणाला दाद न देणाऱ्या.
आण्णांनी चष्मा वर केला.
'अगं, हळद लागली की तुला.'

मग एकदम गप्प.
सहा वर्षांपूर्वी त्यांनीच ठरवलं होतं
हा विषय घरात नको.

म्हटलं, लागली खरी.
पण नवरा पळाला. खोबरं घेऊन.

ते हसले, खोकला लागेपर्यंत.
पाणी दिलं. पाठ चोळली.

रात्री शेगडीमागे पुन्हा खुडबुड.
आण्णा अंधारात कॉटवर उठून बसले.
मी काही बोलणार, तेवढ्यात
त्यांनी बोट ओठांवर ठेवलं,
आणि तेच बोट
जिन्याकडे केलं.