एका सुराची जागा

तोमोए नागिरा आमच्याकडे आली तेव्हा
ऑफिस आमागासाकीत, बटणांच्या कारखान्याच्या वर होतं
आणि यंत्राला ठाऊक होते तीनच सूर
नि एक खरखर.
खरखरीतून समुद्र काढ, ओकिमुनेसान म्हणाले,
तीच स्फोटालाही पुरव,
आणि बर्फातल्या पावलांना.
तिनं मान डोलावली,
घरात एकच पातेलं असलेल्या बाईला
पाहुणे किती ते सांगावं, तशी.

गल्लीतलं सगळ्यांचं न्हाणीघर तिच्या वडिलांचं.
रात्री शेवटचं गिऱ्हाईक गेलं की
फरशीवर पालथ्या पडणाऱ्या लाकडी बादल्यांचा
टोंक् —
आणि ओल्या छताकडून आलेलं त्याचं उत्तर.
ते उत्तर तिनं नाण्याला दिलं.
माईक नव्हता. आकडे होते,
चौकटीच्या वहीत, खोडरबरानं पातळ झालेल्या पानांवर.
पंधराव्या दिवशी बादली वाजली.
प्रोग्राम माझा होता, म्हणून मीही
क्षणभर त्या फरशीवर उभा राहिलो, अनवाणी.

मरणाला पाऊण सेकंद मिळाला.
"हरलेल्याचा अपमान नको," ओकिमुनेसान म्हणाले,
"त्याचा हात पुन्हा खिशात गेला पाहिजे."
तिनं सात मरणं केली.
सहावं ऐकून चहा आणणाऱ्या शिमोसेबाई रडल्या, म्हणून ते बाद.
चौथं ठेवलं :
सूर जिन्यावरून घरंगळत जातात
आणि शेवटचा, अगदी खालच्या पायरीवरून,
मान वर करून बघतो.

खेळ संपल्यावर नावं यायची
पण खरी नावं लिहायला बंदी;
दुसऱ्या कंपनीनं माणसं पळवली असती.
मी 'ओला मोजा'.
ती 'कांद्याची पात'.
तिच्या आईनं म्हणे गेमच्या दुकानात पोरांच्या घोळक्यात उभं राहून,
चष्मा पुसून, ती ओळ वाचली.
घरी जाऊन पात चिरली, सूपवर भुरभुरली.
बोलली काही नाही.

बाहेरच्यांना एक गोष्ट सांगावी लागते.
सूर तीनच, म्हणून
खेळातल्या पोरानं उडी मारली की
गाण्यातला एक सूर उठून
त्याला जागा देई.
उडी संपली की परत येऊन बसे,
बोलता बोलता बाहेर गेलेल्या माणसानं
परत येऊन पुढचंच वाक्य बोलावं, तसा.
अख्खं गाणं ऐकू येई फक्त त्याला
जो न खेळता नुसता उभा राही.
आणि असा कोण उभा राहणार,
वरच्या कोपऱ्यात वेळ संपत असताना?

मग सीडी आल्या, मग खरी व्हायोलिनं,
मग कंपनीच गेली.
तोमोएनं भाताच्या कुकरला आवाज दिला,
पुढे एका लिफ्टच्या दाराला.
सकाळी साडेसहाला किती घरांत
भात झाला म्हणून तीच सांगते, कोण मोजतंय.
तिथं टोपणनावसुद्धा नसतं.

गेल्या नोव्हेंबरात ओसाकात वाद्यवृंदानं
तिचं ते गाणं वाजवलं.
बहात्तर माणसं, काळे कोट.
एकही सूर उठून गेला नाही.
ती माझ्या शेजारी,
कुणीतरी आवरून ठेवलेल्या खोलीत
आपली वस्तू शोधणाऱ्या माणसासारखी.

मग तिनं मला कोपरानं ढोसलं.
पुढच्या रांगेत पन्नाशीचा एक टकला माणूस
मांडीवर उजवा अंगठा दाबत होता
दरीपाशी. बरोबर दरीपाशी.
दुसऱ्या दरीला त्याला
किंचित उशीर झाला.

"मेला," ती पुटपुटली,
आणि ओठांतल्या ओठांत
चौथं मरण म्हणू लागली.
शेवटचा सूर वर बघेपर्यंत
टाळ्या सुरू झाल्या होत्या.