पेर

कळव्याच्या रुग्णालयात, खिडकी नंबर चार,
अकरा वर्षं मी नावं पुकारते.
लक्ष्मण बाळाराम केणी. नसीम बानो. भारती तुळशीराम वाघ.
माईक बिघडला तो कुणी दुरुस्त केला नाही,
म्हणाले, तुमचा आवाज आहे की.

मार्गशीर्षात तो फाटला.
एकाच नावात दोन बायका बोलू लागल्या,
एक वरच्या पट्टीत, एक खालच्या,
आणि केणी आजोबा, दर मंगळवारचे, उठलेच नाहीत.
वाटलं असेल, हाक दुसऱ्याच कुणाला आहे.

ज्येष्ठमध झालं. हळद झाली.
सासूबाई म्हणाल्या, घरी जरा कमी बोल.
घरी मी बोलतच नव्हते.

शेवटी स्वतःचा केसपेपर स्वतःच काढून
वर डॉक्टर धारपांकडे गेले.
नाकातून दुर्बीण. ई म्हणा. लांब. अजून लांब.
पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या उघडत होत्या, मिटत होत्या,
आणि प्रत्येकीच्या मधोमध, आडवा, पिवळसर
एक वळ.
बाईंनी चित्र थांबवलं.
म्हणाल्या, याला बांबूची गाठ म्हणतात.

मला हसू आलं, आवाजाविना.
माझा बाप बुरूड.
राबोडीच्या नाक्यावर चाळीस वर्षं बांबू फाडला त्याने,
सुपं, रोवळ्या, रुखवताच्या दुरड्या,
आणि रात्री-अपरात्री कुणी कडी वाजवली
तर काही न विचारता दोन लांब वासे.
तो सांगायचा, गाठ नव्हे गं, पेर म्हण.
कांडं सरळ फाटतं. कोयता अडतो तो पेरावर.
तिथे घाई केलीस तर बोट जाईल.

बाई घशाचं काही विचारेचनात.
सकाळी बोटं आखडतात?
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं?
गार पाण्यात नखं निळी पडतात?
मी म्हटलं, बोटांची पेरं दुखतात,
पण ती धुण्याने.
कधीपासून?
गणपतीपासून.
कुठल्या गणपतीपासून?
मला सांगता येईना.

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली.
शरीराचे पहारेकरी कधी कधी
घरच्याच माणसाला चोर समजतात, म्हणाल्या,
आणि एखादीचा आधी गळाच धरतात,
हातापायांवर यायच्या कितीतरी आधी.
असेलच असं नाही. रक्त बघू.

खाली रक्ताच्या खिडकीवर पोरगी नवीन.
नाव?
सांगितलं.
काय?
पुन्हा सांगितलं.
काय?
शेवटी तिच्याच पेनाने लिहून दिलं,
अक्षर वाकडं आलं. पेन धरवत नव्हतं,
हे मला तेव्हा कळलं.

रिपोर्ट यायचा आहे.
तोवर मी खिडकीत उभी राहून हात वर करते
आणि नाव नुसतं ओठांवर आणते.
केणी आजोबा हल्ली पहिल्या बाकावर बसतात,
चष्मा पुसून माझ्या तोंडाकडे बघत.
परवा वाघबाईंच्या नावाला उठले.
मी त्यांना परत बसवलं नाही.