दुसरीकडून

बॉयलरचं बटण बंद. पडदा काळा.
"मेला एकदाचा," ग्वेनिथबाई म्हणाल्या,
अंगातला कोट न काढता.

इडवलनं झाकण उघडलं. हात मागेच.
आधी टेस्टर.
तांबडा दिवा लागला.

पंपाची तार जिवंत होती
जिन्याखालच्या जुन्या गीझरच्या फ्यूजवरून,
नवऱ्यानं कुठल्याशा हिवाळ्यात ओढलेली,
कुणाला न सांगता.

"एकावर भरवसा नसायचा त्याचा,"
बाई म्हणाल्या, आणि किटलीकडे वळल्या.

इडवलनं फ्यूज काढून खिशात टाकला,
कुणी परत बसवू नये म्हणून.
पुन्हा टेस्टर. आता अंधार.
पट्टी चिकटवून लिहिलं:
इथे दोन ठिकाणांहून वीज येते.

छपराच्या काळ्या पाट्यांवरून बर्फ घसरला.
बाईंनी चष्मा लावून वाचलं, दोनदा.
"तारीखही घाल," म्हणाल्या,
"तो कधीच घालायचा नाही."