जुळवणी

पवण्याच्या डाइंगमधून परत फोन.
बर्नर गॅसवर ठीक, तेलावर घेतला की काळं ओकतो.
अटेंडंट मढवी म्हणाले, मला तेलच बरं.
पिवळं दिसतं तरी.
गॅसची ज्योत असून नसल्यासारखी,
माणसानं भरवसा ठेवायचा कशावर?

नोझल काढला. भोकाशी कोक, मिरीच्या दाण्याएवढा.
डिझेलमध्ये बुडवून घासला.
मग कॅमचे स्क्रू, पाव फेरा, अर्धा, पुन्हा मागे.
हवा सोडली तर ऊब धुराड्यातून पळते,
आवळली तर काजळी.
एकाच भट्टीत दोन बिऱ्हाडं,
ह्याचं माप त्याला चालत नाही.

दुपारी कधीतरी मीटरवर साडेतीन टिकलं.
मढवींनी बाहीनं काच पुसली,
वाकून बराच वेळ बघितलं.
हां. आता नीट बोलतोय.

गॅसवर बदलून दिला.
निळं. मग तेवढंही नाही.
त्यांनी काचेसमोर तळहात धरला
आणि काही बोलले नाहीत.

फाटकाबाहेर स्कूटर काढताना
वर पाहिलं धुराड्याकडे.
धूर नव्हता.
फक्त मागचा डोंगर,
तेवढ्याच जागी,
जरासा थरथरत होता.