सलगमचा पाला

दोन वर्षं ती माझ्या बसमध्ये चढत होती,
पहाटे पाच चाळीसला, चर्चमागच्या थांब्यावर.
मला ठाऊक होतं ते इतकंच :
रासबेरीच्या रसानं जांभळटलेली बोटं,
मोजून आणलेले सुटे पैसे,
आणि 'बों दीआ' म्हणताना शेवटचा आ लांबवायची,
जणू पलीकडच्या डोंगरावर कुणाला हाक मारतेय.
आमच्या आलेंतेजोच्या या टोकाला डोंगर कुठले?
प्लॅस्टिकचे मांडव आहेत, थेट समुद्रापर्यंत.

एकदा वळणावर तिच्या डब्याचं झाकण निसटलं.
आंबूस, मातकट वास बसभर.
मागून सेन्योर अब्रांतेस पुटपुटला.
मी खिडकी उघडली.
एक शब्द बोलले नाही,
पण उघडली.
आरशात दिसलं, तिनं डबा स्वेटरच्या आत घेतला
आणि वर दोन्ही हात ठेवले.

नोव्हेंबरात मी परसात सलगम उपटत होते,
पाला खताच्या खड्ड्यात टाकत होते.
कुंपणापाशी ती थांबली.
'टाकणार?'
गोणीभर दिला. वाटलं, ससे पाळले असतील.

तीन आठवड्यांनी स्टिअरिंगजवळ कागदाची पुडी.
आत काळपट हिरवे, तंबाखूसारखे चुरगळलेले तुकडे.
नाकाशी नेले, आणि माझे कान तापले.
तोच वास.
'गुंद्रुक,' ती म्हणाली. 'तुमचाच पाला.'
मग तिनं नाव सांगितलं : दिलमाया.
मी ओडिलिया.
मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

रविवारी तिच्याकडे गेले.
एका खोलीत आठ माणसं, दोन शेगड्या,
पलंगांवर पलंग.
माझ्यासाठी भात, डाळ, कोंबडी, एकुलता एक काटा
आणि खोलीतली एकुलती एक खुर्ची.
टोमॅटोच्या चटणीत टिमुर नावाचे काळे दाणे :
जिभेला मुंग्या आल्या,
दात काढून आल्यासारखे ओठ परके झाले.
कोपऱ्यात एक पातेलं झाकलेलं.
'त्यात काय?'
'ते आमचं. असंच काहीतरी.'
आणि ती कोपर पुढे करून उभी राहिली.

ते कोपर मी ओळखलं.
मी सात वर्षांची, शाळेच्या बाई दारात,
आणि आई चुलीपुढे अशीच, कोपर पुढे :
'आमचं जेवण झालं, बाई. मासे होते.'
मासे नव्हते.
मक्याच्या पिठाचा घाटा होता,
काल होता, परवा होता.

लोकांच्या घरात असं करू नये,
पण मी झाकण उचललं.
पिवळा, जाड, वाफाळता गोळा,
मधोमध लाकडी पळी उभी.
पळी उभी राहिली की शिजलं, आई म्हणायची.
दिलमायाला हे पोर्तुगीजमध्ये सांगताना
माझीच भाषा मला पुरेना.
पळी दाखवली, मग स्वतःकडे बोट केलं.
ती कितीतरी वेळ माझ्या बोटाकडे बघत राहिली.
मग कोंबडी बाजूला सारली.

ढिंडो काट्यानं खात नाहीत.
बोटांनी तोडायचा, गुंद्रुकच्या आंबट रश्श्यात बुडवायचा
आणि न चावता गिळायचा.
मी चावला.
आठही जण हसले.
खिमबहादुर म्हणाला, चावला तर अपमान होतो.
कुणाचा ते त्यालाही सांगता येईना.

आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
तिच्यानंतर मी घाटा कधी केला नाही,
घरात मका आणलाच नाही.

सोमवारी पाच चाळीस.
'बों दीआऽ.' मोजलेले पैसे. मांडीवर डबा.
अब्रांतेसनं नाक उडवलं, खिडकी म्हणाला.
मी काही शूर बाई नव्हे.
म्हटलं, कडी गंजलीय.

यंदा सलगमच्या दोन ओळी जास्त लावल्यात.
पाला दिलमायाला.
कंद माझ्याकडे कुणी खात नाही,
ते अब्रांतेसला देते.
आवडतात त्याला.
विचारतो, यांचा पाला कुठे गेला?